आरएन्व्ह अकरा महिने वापरल्यावर: पॅकेजं परत आली, शिरोळची वेलांटी अडकली

जुलैच्या शेवटी पाऊस झोडपत असताना माझा पाच वर्षांचा विंडोज लॅपटॉप बसला. मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने आधी तीन हजार सांगितले, चार दिवस मशीन ठेवून घेतलं आणि मग फोनवर साडेअठरा हजारांचा आकडा ऐकवला. वर तपासणीचे सहाशे वेगळे. सहाशे देऊन मशीन उचललं आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतून चौदा हजारांत उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) घातलेला सेकंडहँड लॅपटॉप घेतला. एक तारखेला तालुकावार दूध संकलनाचा अहवाल द्यायचा होता आणि हातात होते तीन दिवस.

हे अहवाल मी आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत करते. प्रोजेक्टला लागणाऱ्या आर पॅकेजांच्या (तयार कोडच्या संचांच्या) आवृत्त्या लॉक फाइलमध्ये नोंदवून त्याच पुन्हा बसवून देणारं साधन म्हणजे आरएन्व्ह. खरं सांगायचं तर पहिले चार-पाच महिने मला ते लोढणं वाटायचं. नवं पॅकेज घातलं की स्नॅपशॉट (आवृत्त्यांची नवी नोंद) घ्या, स्टेटस बघा, कुठे फरक पडला ते शोधा. एकट्याच्या कामाला एवढा सोपस्कार कशाला, असं वाटायचं. एक गोष्ट मात्र तेव्हाही आवडायची: सगळ्या प्रोजेक्टांना मिळून कॅशे (उतरवलेल्या पॅकेजांचा साठा) एकच. त्यामुळे आलेख काढणारं जीजीप्लॉट दहा ठिकाणी दहा वेळा उतरत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते.

तर नव्या मशीनवर गिटमधून (कोड जपून ठेवणाऱ्या प्रणालीतून) कोड ओढला आणि रिस्टोअर, म्हणजे नोंदलेली पॅकेजं परत बसवायची आज्ञा, मारलं. पहिली अडचण आरचीच. लॉक फाइलमध्ये आर ४.३ नोंदलेलं होतं, उबुंटूच्या भांडारातून आलं ४.१.२. आरएन्व्ह फरक दाखवतं, पण आर स्वतः बसवून देत नाही. ते काम रिग नावाचं वेगळं साधन करतं. एकाच मशीनवर आरच्या दोन-तीन आवृत्त्या सुखाने नांदतात.

दुसरी अडचण वेळेची. विंडोजवर क्रॅनवरून (आर पॅकेजांच्या मुख्य भांडारातून) पॅकेज तयार बांधलेलं येतं, लिनक्सवर क्रॅन फक्त सोर्स (मूळ कोड) देतं, तो आपल्या मशीनवर बांधावा लागतो. साडेआठला सुरू केलेलं रिस्टोअर पावणेबाराला डकडीबी हे डेटाबेसचं पॅकेज कंपाइल करत (बांधत) होतं, पंखा विमानासारखा घोंघावत होता आणि आठ जीबी रॅम तोंडोतोंड भरली होती. शेवटी ते मारून टाकलं आणि क्रॅनच्या मिररऐवजी पॉझिट कंपनीच्या मोफत पॅकेज मॅनेजरचा पत्ता दिला. तिथे उबुंटूसाठी बांधलेली पॅकेजं मिळतात, तीही हव्या त्या तारखेच्या संचातून. वीस मिनिटांत सगळं संपलं. लिनक्सवर जाणाऱ्याने रिस्टोअर मारण्याआधी हा पत्ता बदलावा.

पण मला सगळ्यात जास्त रडवलं ते रॅग या आलेखाचं चित्र बनवणाऱ्या पॅकेजने. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमचे आलेख मराठीत असतात. खाली बारा तालुक्यांची नावं, आणि पावसाळ्यात सोबत राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, ३९ फुटांवर इशाऱ्याची रेघ आणि ४३ फुटांवर धोक्याची. आधी फाँटसाठी मी शोटेक्स्ट हे पॅकेज वापरायचे. ते अक्षरं एकेक करून मांडतं, जोडत नाही. त्यामुळे ‘पन्हाळा’मधला ‘न’ पाय मोडून वेगळा उभा, ‘गडहिंग्लज’चा तर पार चुराडा, आणि ‘शिरोळ’मधली ‘श’ची वेलांटी पुढच्या ‘र’च्या डोक्यावर. एका संस्थेचे सचिव फोन करून म्हणाले, “ताई, आमच्या गावाचं नाव कुणी बिघडवलं?” मला खरंच वाईट वाटलं. सत्तर पानांचा अहवाल आकड्यांत बिनचूक असला, तरी वाचणाऱ्याची नजर आधी आपल्या गावाच्या नावावर जाते.

रॅगने हे सोडवलं. ते अक्षरं टेक्स्टशेपिंग या पॅकेजकडे देतं, आणि टेक्स्टशेपिंग हार्फबझ व फ्रिबिडी या दोन लायब्रऱ्यांकडून जोडाक्षरं नीट बसवून घेतं. आलेख साठवणाऱ्या जीजीसेव्हमध्ये डिव्हाइस म्हणून रॅगचं एजीजी पीएनजी दिलं की झालं. विंडोजवर या दोन लायब्रऱ्यांची नावंसुद्धा कधी ऐकावी लागली नाहीत.

आणि पहिल्या रात्री, सोर्समधून बांधताना, रिस्टोअर आधी एकदा नेमकं तिथेच थांबलं होतं: हार्फबझ सापडत नाही. लॉक फाइलमध्ये रॅगची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत आहे, पण ते ज्याच्यावर उभं आहे त्याचा पत्ताच नाही. माझी चिडचिड झाली. अहवालातली सगळ्यात नाजूक गोष्ट, आणि तीच राखणीबाहेर!

हा परिच्छेद दोन आठवड्यांनी लिहितेय, कारण मत थोडं बदललं आहे. टेक्स्टशेपिंगच्या एररमध्येच उबुंटूवर कोणती दोन पॅकेजं टाकायची ती नावं लिहिलेली होती, रागात मी वरच्या दोन ओळी वाचून खिडकी बंद केली होती. शिवाय नव्या आरएन्व्हमध्ये सिसरेक्स नावाचं फंक्शन आहे, ते प्रोजेक्टला लागणाऱ्या सिस्टिम लायब्रऱ्यांची यादी काढून देतं. म्हणजे सोय आहे, ती रिस्टोअरच्या आधी विचारून घेतलेली बरी. नव्या आवृत्त्या तर लिनक्सवर रिस्टोअर करतानाही नसलेल्या लायब्रऱ्यांची नावं समोर ठेवतात.

फाँटचंही तेच झालं. लायब्रऱ्या बसल्या, वेलांटी ‘श’वर आली, पण ‘मुक्त’ फाँट नव्या मशीनवर नसल्याने रॅगने दुसराच देवनागरी फाँट उचलला. नावं रुंद झाली आणि ‘हातकणंगले’ ‘करवीर’वर चढलं. आता फाँटची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवते आणि सिस्टमफाँट्स पॅकेजमधल्या रजिस्टर फाँटने नोंदवते. मुक्तचा परवाना खुला असल्याने तो असा सोबत ठेवायला अडचण नाही.

बाकीचं झटपट. डेटा-टेबल पॅकेजमधल्या फाइल वाचणाऱ्या एफरीडच्या वेगाला तोड नाही, पण संस्थेचा कोड ००४७ असेल तर ते त्याचा ४७ करतं. तो कॉलम अक्षरांचा आहे हे कोलक्लासेसमध्ये सांगा, नाहीतर दोन टेबलांची जोडणी करताना संस्था गळतात. डेटा-टेबलच्या कोलन-बरोबर (:=) चिन्हाने कॉलम बदलला की मूळ टेबलच बदलतं, जुनं हवं असेल तर आधी कॉपी. आरस्टुडिओ (आरचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) बंद करताना आरडेटा (चालू कामातला सगळा डेटा) साठवण्याची सवय पहिल्याच दिवशी बंद करा. आणि विंडोजवर अजून आर ४.२च्या आधीचं काही वापरत असाल तर बदला. ४.२पासून तिथे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मांडणारी अक्षरपद्धत) आलं, त्याआधी मराठी नावांच्या जागी कंसातले यू-अधिक आकडे छापून यायचे.

अहवाल एक तारखेला दुपारी गेला. शिरोळचं पान मी पाठवण्याआधी मोबाइलवर मोठं करून तीनदा पाहिलं.