सायकलवर कोणता कॅमेरा? आधी जागा ठरवा, मग मॉडेल

आठवडाभर ऑफिस आणि रविवारी सायकल, असं आयुष्य असलेल्या माणसाला रस्त्यात काही ना काही दिसतच राहतं. मग कधीतरी कॅमेरा घ्यायचा ठरतो आणि तो मेगापिक्सेल, लेन्स, ऑटोफोकस यांच्या तुलना वाचायला बसतो. त्या सगळ्या तुलना टेबलावर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या असतात. सायकलवाल्याचा पहिला प्रश्न असा हवा: हा राहणार कुठे, आणि रस्त्याकडेला एक पाय टेकवला की किती वेळात हातात येणार? माझ्या मते जागा ठरली की कॅमेऱ्याचं बरंचसं ठरून जातं. म्हणून इथे ब्रँडची नाही, जागांची तुलना करतो. उदाहरणं पुण्याच्या आसपासची आहेत, कारण रोज चाकाखालून जातात ते रस्ते हेच.

मागचा खिसा: फोन की कॉम्पॅक्ट?

सायकलिंग जर्सीच्या मागच्या खिशात साधारण ३०० ग्रॅमपर्यंतची वस्तू निमूट बसते. त्यापुढे खिसा लोंबायला लागतो आणि चढावर उभं राहून पेडल मारताना ती वस्तू कमरेवर आपटत राहते. या मर्यादेत बसणारे दोनच: फोन, जो तसाही सोबत असतो, आणि छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा.

फोनला कमी लेखू नका. पाणशेतच्या रस्त्यावरचं धरणाचं पाणी, धुक्यातला सिंहगड, टपरीवर चहा पिणारी मंडळी, हे सगळं फोनच्या मुख्य लेन्सच्या हद्दीतलं आहे. ती साधारण २४ मिमीच्या आसपासची, म्हणजे चांगलीच रुंद असते (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ). समोर सूर्य आणि खाली काळा डांबरी रस्ता असला तर फोन अनेक फ्रेम एकत्र करून दोन्ही सांभाळतो. तेच साध्या कॅमेऱ्यात करायचं तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, जी नंतर संगणकावर सुधारायची) घेऊन घरी बसावं लागतं. आणि फोटो तिथल्या तिथे ग्रुपवर जातो, ही गोष्टही छोटी नाही.

फोन अडतो तो वेगापाशी. मित्र जोरात जातोय, मागचं सगळं पुसट झालंय आणि तो मात्र स्पष्ट, असा फोटो हवा असेल तर कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत १/३० सेकंदाच्या आसपास शटर लागतं. बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र कायम उघडं, एफ/१.८ च्या आसपास (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). सकाळच्या कोवळ्या उन्हातही फोनला १/५०० किंवा त्याहून जलद शटर घ्यावं लागतं. परिणामी चाकांचे स्पोक थिजलेले दिसतात आणि पन्नासच्या वेगाने उतरणारा मित्र उभा असल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्यात त्याच उजेडात छिद्र बारीक करून एफ/११ ठेवलं की काम होतं.

दुसरी अडचण घामाची. खिशातून काढलेल्या फोनच्या काचेवर घामाचा थर असतो, जर्सीला पुसला तर तो आणखी पसरतो. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. तिसरी अडचण बॅटरीची. नकाशा, राइडची नोंद, अडचणीत घरी करायचा कॉल, सगळं त्याच्यावरच. सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीचे पैसेही त्याच बॅटरीतून जातात. दिवसभराच्या राइडला व्हिडिओ काढत सुटणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

फोन हँडलबारच्या स्टँडवर लावणाऱ्यांसाठी आणखी एक. जोरदार इंजिनाच्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण बारीक टायरमध्ये १०० पीएसआय हवा भरून खडबडीत गावरस्त्यावर तासन्‌तास जाणार असाल तर महागडा फोन खिशातच बरा.

आता कॉम्पॅक्ट. या वजनात तीन वेगळ्या स्वभावाचे कॅमेरे आहेत आणि निवड खरी इथेच आहे.

रिको जीआर थ्री: वजन २५७ ग्रॅम, झूम नाही, लेन्स २८ मिमीच्या तोडीची. पण आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, बऱ्याच डीएसएलआरइतका मोठा; या मापाला एपीएस-सी म्हणतात. यातली एक सोय सायकलवाल्यांसाठीच केली असावी असं वाटतं. फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर. मग बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, थेट फोटो घेतो. एका हाताने खिशातून काढा, चालू करा, दाबा, परत ठेवा. बैलगाडी समोरून निघून जायच्या आत काम झालेलं असतं. पण धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, आणि बॅटरी लहान, दुसरी सोबत लागतेच.

सोनी आरएक्स१०० मार्क सेव्हन: ३०२ ग्रॅम, २४ ते २०० मिमी झूम, एक इंची सेन्सर. दूरचं देऊळ जवळ आणता येतं, शेतात काम करणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर न जाता फोटो घेता येतो. ‘एकच कॅमेरा, सगळीकडे’ असं म्हणणाऱ्याला हा पटेल. मला यातलं नळीसारखं आत-बाहेर होणारं लेन्स खटकतं. त्या हालचालीबरोबर हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर धूळ. लेन्स काढता येत नाही म्हणून साफसफाई घरी होत नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. उन्हाळ्यातल्या कच्च्या रस्त्यांवर असा कोणताही कॉम्पॅक्ट झिप-पिशवीतच ठेवावा.

ओएम सिस्टिम टीजी-७: २४९ ग्रॅम, १५ मीटर पाण्याखाली चालतो, लेन्स बाहेर येतच नाही. पावसाळ्यात ताम्हिणीला जाणाऱ्याला हा मोहात पाडणार. पण सेन्सर फारच छोटा, आजच्या बऱ्याच चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षाही लहान. चांगला फोन असेल तर टीजी-७ चित्राच्या दर्जासाठी घेऊ नये. पाऊस, चिखल आणि अगदी जवळून टिपायची रानफुलं यासाठी घ्यावा.

या तिघांत मी रिकोकडे झुकतो. झूमचा मोह नसेल तरच.

हँडलबारची बॅग: मिररलेस

खिशातून बाहेर पडलात की पुढची जागा हँडलबारची बॅग. पाठीवरची सॅक मी शर्यतीतच धरत नाही. पाठ घामाने निथळते, तो ओलावा कॅमेऱ्यापर्यंत पोचतो, आणि फोटोसाठी दरवेळी थांबा, सॅक काढा, चेन उघडा, परत घाला. तिसऱ्या थांब्यानंतर माणूस ‘जाऊ दे’ म्हणायला लागतो. मागच्या कॅरियरवरच्या पिशवीत हादरे सर्वात जास्त बसतात. आडवी स्लिंग बॅग चालते, पण तिला काखेखालून जाणारा दुसरा पट्टा हवाच. नाहीतर पुढे वाकलात की ती सरकून पोटाखाली लोंबते. आणि ती पाठीच्या मधोमध नको. पडलात तर मणक्याखाली कॅमेरा यायला नको.

हँडलबारच्या बॅगेत कॅनन आर५० सारखा छोटा मिररलेस (डीएसएलआरसारखाच, पण आत आरसा नसलेला कॅमेरा) छान बसतो. बॉडी ३७५ ग्रॅम, १८-४५ लेन्स १३० ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून अर्धा किलो. बॅगेच्या तळाला जाड फोम घाला आणि लेन्सचं तोंड वर राहील असा ठेवा. हादऱ्यांचा उपाय खरं तर बॅगेपेक्षा टायरमध्ये आहे. ३५ मिमीच्या टायरवर हायब्रिड चालवणाऱ्याचा कॅमेरा २५ मिमीवाल्याच्या कॅमेऱ्यापेक्षा सुखात असतो. खरेदीआधी आणखी एक बघा: बॅग पुढच्या दिव्याच्या आड येते का? पहाटे साडेपाचला निघणाऱ्याला हे दुकानात सुचत नाही, अंधारात सुचतं. दिवा फोर्कवर किंवा बॅगेच्या पुढे लावायची सोय करावी लागते.

मिररलेसने मिळतं काय? लेन्स बदलता येते, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर मिळतो (दुपारच्या उन्हात फोनची स्क्रीन दिसतच नाही), आणि अंधुक उजेडात स्वच्छ चित्र. जातं काय? रविवारची दुपार. रॉ फाइल निवडणं, सुधारणं, साठवणं यात वेळ जातो आणि नोकरदार माणसाचे फोटो त्या रांगेत महिनोन्‌महिने अडकतात. हे काम आवडत नसेल तर मिररलेसवर पैसे घालण्यात अर्थ नाही. आवडत असेल तर फोन फार दिवस पुरणार नाही.

घरात जुना डीएसएलआर पडून असेल तर नवा घ्यायची घाई नको. निकॉन डी३५०० बॅटरीसकट ४१५ ग्रॅम, त्याची १८-५५ लेन्स २०५. म्हणजे आर५० पेक्षा शंभरएक ग्रॅम जास्त. वजन टोचत नाही, जाडी टोचते. छोट्या बॅगेचं झाकण लागत नाही. अशा वेळी कॅमेरा नको, मोठी बॅग घ्या.

पक्ष्यांसाठी निघालात तर

कवडीपाटला हिवाळ्यात पहाटे पोचलात की मुळा-मुठेच्या पात्रात चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, नदी सुरय असा सगळा मेळा असतो. फोनमध्ये हे सगळे ठिपके. कॉम्पॅक्टमध्ये जरा मोठे ठिपके. इथे एक किलोचं काहीतरी न्यावंच लागतं आणि दोन पर्याय गमतीदारपणे एकाच वजनाचे आहेत.

एक, निकॉन पी९५०: १००५ ग्रॅम, २४ ते २००० मिमी, लेन्स बदलायची भानगड नाही. दोन, आर५० वर आरएफ १००-४०० लेन्स: ३७५ अधिक ६३५, म्हणजे १०१० ग्रॅम. आर५० चा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असल्याने चित्राचा मधलाच भाग येतो (यालाच क्रॉप म्हणतात), त्यामुळे ती ६४० मिमीच्या तोडीची होते. आकड्यांत पी९५० तिप्पट लांब बघतो. पण त्याचा सेन्सर इतका छोटा आहे की आर५० च्या सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या सुमारे १२ पट भरतं. पक्षी हालचाल करतात ती पहाटे, उजेड कमी असताना, आणि तिथे पी९५० चं चित्र दाणेदार होतं. उडत्या सुरयावर फोकस धरून ठेवणंही त्याला जड जातं. कितीही लांबचा पक्षी ओळखून नोंद करायची असेल तर पी९५०, भिंतीवर लावण्यासारखा फोटो हवा असेल तर आर५०. पैशांचा हिशेबही पाहा. पी९५० च्या किमतीत सगळं आलं, आर५० ला ती मोठी लेन्स वेगळी घ्यावी लागते.

भिगवणचे रोहित हे मात्र सायकलीचं लक्ष्य नव्हे. पुण्यापासून सोलापूर महामार्गावर शंभरएक किलोमीटर, शेवटी पाय दमलेले आणि ऊन चढलेलं. सायकल गाडीत टाका, आदल्या रात्री मुक्कामाला जा.

ऑफिसचा रस्ता

इथे निकाल पटकन लागतो: फोन. कारण कॅमेऱ्यात नाही, गेटवर आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपन्या असोत की चाकणचे कारखाने, बऱ्याच ठिकाणी कॅमेरा आत नेऊ देत नाहीत. काही ठिकाणी फोनच्या लेन्सवरही स्टिकर लावतात. सायकल स्टँडवर हँडलबारच्या बॅगेत कॅमेरा ठेवून जाणं कुणाला परवडणार? रोजच्या रस्त्यावरचा फुलवाला, पेपर लावणारी पोरं, सिग्नलवरची सावली हे फोनवरच काढायला शिका. खडकी, दिघी, एनडीए या बाजूने जाणाऱ्यांनी लष्करी हद्दीतले ‘फोटो काढण्यास मनाई’ असे फलक गांभीर्याने घ्यावेत, फोन असो वा कॅमेरा.

बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्यांचाही निकाल असाच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी १५ च्या जरा खाली. वेळ दिसतो भरपूर, पण पंक्चर, जेवण आणि कंट्रोलवरचे, म्हणजे वाटेतल्या तपासणी-ठिकाणांवरचे, थांबे त्यातच. मिररलेस बाहेर काढून, फ्रेम लावून, परत ठेवून प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं गेली तर दहा फोटोंत अर्धा तास जातो. इथे फोन किंवा जीआरसारखा कॉम्पॅक्ट.

पाऊस आणि बुरशी

यातल्या बहुतेकांना पाऊस चालत नाही. आर५० ला नाही, जीआरला नाही. बॅगेचं रेनकव्हर पुरेसं नसतं, आत आणखी एक प्लास्टिकची पिशवी असू द्या. पण पावसापेक्षा मोठा शत्रू घरातला दमटपणा. भिजलेल्या बॅगेतच कॅमेरा आठवडाभर राहिला की लेन्सच्या आत बुरशीचे धागे धरतात आणि ते काढायचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीला जाऊन भिडतो. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मुंबई-कोकणातल्यांनी तर हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा. एसीतून थेट बाहेर दमट हवेत आणलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते. अशा वेळी तो पुसत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या.

मग घ्यायचं काय?

राइड आधी आणि फोटो वाटेत, असं असेल तर फोनवर वर्ष काढा. तो अडायला लागला, विशेषतः वेग आणि अंधुक उजेड या दोन ठिकाणी, तर जीआर. फोटो आधी आणि सायकल हे तिथे पोचायचं साधन, असं असेल तर मधला कॉम्पॅक्टचा टप्पा गाळा. हँडलबारची बॅग आणि मिररलेस थेट घ्या. दिवेघाटातल्या वळणांवर वारीची नागमोडी रांग, पुढची-मागची वळणं जवळजवळ दिसतील अशी, एका फ्रेममध्ये आणायची असेल किंवा कवडीपाटला जायचं असेल, तर लांब लेन्सला पर्याय नाही.

आणि पैसे देण्याआधी एक चाचणी करा, फुकट आहे. आर५० आणि किट लेन्ससाठी अर्धा लिटर पाण्याची बाटली, पक्ष्यांच्या कॅमेऱ्यासाठी एक लिटरची. टॉवेलात गुंडाळून ती ठरवलेल्या जागी ठेवा आणि सिंहगडाचा घाट चढून उतरा. उतारावर हँडल डगमगतंय का, वळणावर बॅग झुलतेय का, गुडघा लागतोय का ते बघा. वाटेत पाच-सहा वेळा थांबून बाटली बाहेर काढा आणि परत ठेवा. शेवटच्या थांब्याला कंटाळा आला असेल तर एक पायरी खालचा कॅमेरा घ्या.