माळवदाचं घर, पुराची सरकारी मदत आणि दोन पंचनामे: सोलापूरकडचा आमचा अनुभव

आमचं घर पूर आला त्या दिवशी पडलं नाही, तेराव्या दिवशी पडलं. सरकारी मदतीचा जो काय अनुभव मला लिहायचाय तो सगळा या तेरा दिवसांवर आहे म्हणून आधी तेच सांगतो.

गाव सीना नदीच्या काठावर आहे. नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रारी पण आहेत आणि मला कुणा एका माणसाला उघडं पाडायचं नाहीये. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीला टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आई आणि आप्पा गावी. २०२५ च्या सप्टेंबरात २२-२३ तारखेला वर अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडं तुफान पाऊस झाला, धरणांतनं पाणी सुटलं आणि सीनेला असं पाणी आलं की आप्पांचं वय बहात्तर, त्यांनी बी कधी बघितलं नव्हतं. भीमा नदीचं कसं, वर उजनी धरण आहे, पाणी सुटणार म्हणलं की काठची गावं आधीच सावध होतात, पण सीना म्हणजे आमच्याकडं निम्मं वर्ष वाळूच दिसणारी नदी, तिची भीती कुणाला नव्हतीच. रात्री शेजारच्या पोरांनी आई-आप्पांना उचलून शाळेत नेलं म्हणून वाचले. मी सोलापुरातनं निघालो तर लांबोटीला पुलाजवळ हायवेच बंद, दोन दिवस नुसता फोन लावत बसलो आणि दोघांचे फोन पाण्यात गेलेले. या फोनचं पुढं परत येतंय, लक्षात ठेवा.

गावात पोचलो तेव्हा घर उभं होतं. आमचं घर माळवदाचं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर, आजोबांनी बांधलेलं. आत गुडघ्याएवढा गाळ, भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ. ज्वारीची कणगी गेली, भांडी गेली, अंथरूण-पांघरूण गेलं, आईच्या तीन शेळ्या गेल्या. पण घर उभं होतं म्हणून आम्ही देवाचे आभार मानले आणि दोन दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा जे दिसत होतं तेच लिहिलं गेलं, कच्चं घर, अंशतः नुकसान, आप्पांनी अंगठा दिला.

आता इथं आकडे सांगतो कारण हे आकडे आम्हाला त्या दिवशी माहीत असते तर आम्ही नीट बोललो असतो. घर पूर्ण पडलं किंवा राहण्यासारखं उरलं नाही तर सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगरी भागात १,३०,०००. अंशतः पडलं, म्हणजे कमीत कमी १५ टक्के तरी नुकसान, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००, घराला लागून गोठा असेल तर ३,०००. दुभतं जनावर मेलं तर ३७,५००, ओढकाम करणारं मोठं जनावर ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००. हे २०२५ सालचे दर, केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषातले, आधी पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० होते ते वाढवून १,२०,००० केले. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी जे ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्यात पण घरांचे दर हेच होते.

बघा म्हणजे एक शब्द, पूर्ण की अंशतः, आणि फरक १,१६,००० रुपयांचा. मधलं काहीच नाही. निम्मं घर पडलं, दोन भिंती गेल्या, तरी ४,००० मध्ये बसवणार. माझं या अख्ख्या योजनेवरचं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे, मध्ये एखादी पायरी पाहिजे.

तर ५ ऑक्टोबर. चार दिवस कडक ऊन पडलं होतं, आई अंगणात भांडी घासत होती, दुपारी मागची भिंत आवाज करत खाली बसली आणि तिच्याबरोबर निम्मं माळवद आलं. आप्पा नुकतेच बाहेर आले होते. ज्यांची मातीची घरं आहेत त्यांना हे माहीत असेल, पाणी लागलेली पांढरी माती ओली असते तोवर फुगून धरून राहते, वाळायला लागली की तडकते आणि मग बसते. आमच्या एकट्या आळीत अशी सहा घरं पुरानंतर आठ-पंधरा दिवसांत पडली आणि सहाच्या सहा कागदावर अंशतः. त्या संध्याकाळी शाळेत परत अंथरूण टाकताना आई एवढंच बोलली, घराचं पण तेरावं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेलो. उत्तर मिळालं, एका घराचा दोनदा पंचनामा होत नाही, यादी वर गेली. दुसऱ्या टेबलावर गेलो तर म्हणले ही भिंत पुरानं पडली कशावरनं, जुनं घर आहे, आपोआप पडलं असंल. राग आला, खोटं कशाला सांगू. दोन हेलपाटे असेच गेले, एकेका हेलपाट्याला माझा दिवसाचा पगार कापला जात होता.

पण तिसऱ्या वेळी तिथल्याच एका वयस्कर क्लार्कनं मला बाजूला घेऊन नीट सांगितलं आणि त्या माणसाचं मी नाव न घेता आभार मानतो. ते म्हणले, "हे बघा, तोंडी बोलू नका. फेरपंचनाम्याचा अर्ज लिहा, पहिल्या पंचनाम्याची तारीख टाका, भिंत पडल्याची तारीख टाका, पाण्याची रेघ दिसणारे फोटो लावा, शेजारच्या चार जणांच्या सह्या घ्या आणि आवकला, म्हणजे अर्ज घेतात त्या टेबलावर, देऊन पोच घ्या. शिक्का मारलेली पोच असली की तो कागद हरवत नसतो." तसंच केलं. सहाही घरांचे अर्ज एकाच दिवशी दिले. फोटो माझ्या फोनमध्ये होते कारण पोचल्या पोचल्या मी सहज म्हणून सगळ्या भिंती काढून ठेवल्या होत्या, आत मी उभा आणि मागं रेघ, असा एक फोटो शेजारच्या पोरानं काढला होता, तोच सगळ्यात कामाला आला कारण त्यात पाणी किती चढलं ते माझ्या उंचीवरनं दिसत होतं.

आठवड्यानं पंचायत समितीचे इंजिनिअर आणि तलाठी भाऊसाहेब आले. हे भाऊसाहेब पोरगेलेच होते, त्यांच्याकडं दोन-तीन गावांचा चार्ज, शेतीचे पंचनामे बी त्यांच्याच डोक्यावर, डोळे लाल झालेले. तरी घरोघर चिखलात फिरले, पडलेल्या भिंतीचा पाया उकरून ओल बघितली, आप्पांना खाली बसवून सगळा कागद वाचून दाखवला आणि मग अंगठा घेतला. पहिल्या वेळी कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मला विचाराल तर या सगळ्या यंत्रणेत चांगलं-वाईट जे काय आहे ते पैशापेक्षा इथं ठरतं, तुमच्या दारात आलेला माणूस कागद वाचून दाखवतो का नाही. सहापैकी पाच घरं पूर्ण मध्ये गेली. सहावं राहिलं कारण त्या मावशींनी राहायला जागा नाही म्हणून स्वतःच ढिगारा उपसून पत्रे टाकले होते, बघायला काही उरलंच नव्हतं. त्यांचं अजून चालू आहे.

आता पैशाचा प्रवास. घरातलं सामान गेलं म्हणून कुटुंबाला १०,००० ची तातडीची मदत होती, ती दिवाळीच्या आत शेजाऱ्यांच्या खात्यात आली, आमच्या आली नाही. यादीत नाव होतं, पैसे सुटले असं दिसत होतं, पण पासबुकात नाही. मग कळलं की हे पैसे तुम्ही दिलेल्या खाते नंबरवर जात नाहीत, आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलेलं असतं तिथं जातात. आप्पांचं कधीतरी बाजारात छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या पोरांनी सिमकार्डाबरोबर एक खातं उघडून दिलेलं, आधार तिकडं जोडलं गेलेलं, आप्पांना त्याचा पत्ताच नाही. पैसे तिथं पडून होते. हे आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून दिसतं, पण बघायला ओटीपी लागतो आणि ओटीपी जाणार त्या फोनवर जो सीनेत गेला. म्हणून आधी नवीन सिम, त्यासाठी आप्पांना घेऊन तालुक्याला, मग ओटीपी, मग बँकेत फॉर्म. पूर आलेल्या माणसाकडं फोन नसणार हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही मला खरंच कळत नाही.

घराच्या पैशाला परत वेगळी अडचण. नमुना ८ चा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतला घराच्या नोंदीचा कागद, आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. दोन चुलते पुण्यात, एक आत्या बार्शीला, सगळ्यांचं संमतीपत्र मागितलं. आमच्याकडं भाऊबंदकी नाही म्हणून चार दिवसांत सह्या झाल्या, ज्यांच्यात बोलणं बंद आहे त्यांनी काय करायचं. राहतं कोण हे गावाला माहीत, रेशनकार्ड त्या पत्त्यावर, लाईटबिल त्या पत्त्यावर, मग तेवढं पुरावं म्हणून चाललं पाहिजे.

मग ई-केवायसी. ग्रामपंचायतीत यादी लागते, त्यात तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो, व्हीके नंबर म्हणतात, तो आणि आधार, पासबुक घेऊन सेवा केंद्रात जायचं. स्क्रीनवर तुमचं नाव, नुकसान, रक्कम दिसते, बरोबर असेल तर मान्य करून अंगठा, चुकीचं असेल तर तिथंच अमान्य म्हणून तक्रार टाकता येते, ती तहसीलला जाते. ही सोय चांगली आहे पण बऱ्याच केंद्रात गर्दी एवढी की पोरगं विचारतच नाही, सरळ मान्य दाबतं. आपण म्हणायचं, थांब बाबा, स्क्रीन फिरव माझ्याकडं. आप्पांचा अंगठा काही केल्या उठेना, पन्नास वर्षं खुरपं आणि कुदळ धरून बोटाच्या रेषा झिजल्यात. त्या केंद्रावरच्या मुलीनं दहाही बोटं बघितली, ओल्या फडक्यानं पुसली, शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर मशीन वाजली. आप्पा तिला म्हणले, "पोरी, तूच पास केलंस बघ." पैसे घेतले नाहीत तिनं, पावती दिली.

१,२०,००० गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आदल्या आठवड्यात आले. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजाला आई यंदा येणार नव्हती, पैसे आले म्हणल्यावर आली.

पुरले का? नाही. विटा, सिमेंट, वरनं पत्रे, गवंडी, अशा दोन खोल्यांना आमचा हिशोब दोन लाख साठ हजारांवर गेला आणि अजून गिलावा राहिलाय. पण ही रक्कम नसती तर पायाच निघाला नसता, सावकाराकडं गेलो असतो, हे पण तितकंच खरं. शेळ्यांचं मात्र काही झालं नाही, वाहून गेल्या म्हणजे मेल्याचा पुरावा नाही, कानात बिल्ला नव्हता. शेजारच्यांच्या म्हशीला बिल्ला होता, डॉक्टरांकडं नोंद होती, त्यांचं काम सरळ झालं. आईनं आता घेतलेल्या नव्या शेळीला पहिल्या आठवड्यात बिल्ला मारून घेतला.

आमच्या भागाला दुष्काळाची मदत तोंडपाठ आहे, टँकर, चारा छावणी, दावणीला किती जनावरं ते कुणीबी सांगेल. पुराचं काहीच माहीत नव्हतं आणि म्हणून आम्ही पहिल्या कागदावर न बघता अंगठा दिला. तुमचं घर मातीचं असेल आणि त्यात पाणी शिरलं असेल तर पंचनाम्याच्या वेळीच सांगा की भिंती ओल्या आहेत, वाळल्यावर पडू शकतात, आणि हे वाक्य कागदावर लिहून घ्या. आमच्या आळीत एका म्हाताऱ्या आजोबांनी हट्टानं तसं लिहून घेतलं होतं. त्यांचं घर आमच्यानंतर दोन दिवसांनी पडलं, ते आमच्या सहात नाहीत, त्यांना वेगळा अर्ज करावाच लागला नाही, पहिल्याच पंचनाम्यावर पुढं काम झालं.

पाचपैकी किती द्यायचे म्हणलं तर रकमेला तीन, पैसे पोचवायच्या पद्धतीला दोन, आणि चिखलात फिरलेल्या त्या भाऊसाहेबांना, क्लार्कना आणि करंगळी शोधणाऱ्या मुलीला पाच. सोमवारी सुट्टी टाकलीये, सहाव्या घरच्या मावशींचा अर्ज घेऊन परत तालुक्याला जायचंय, पत्रे टाकायच्या आधीचा एक फोटो त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये सापडलाय.