बदनामी: फौजदारी तक्रार करावी की दिवाणी दावा? दोन्ही करून बसलेल्याचं मत

ग्रुपवर कोणी आपल्याबद्दल वाट्टेल ते लिहिलं की पहिला आठवडा नुसता रागात जातो. मग वकील शोधायचा, आणि वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला, क्रिमिनल करायचंय का सिव्हिल? मी २०२२ मध्ये त्या खुर्चीत बसलो होतो आणि तावातावाने म्हटलं, दोन्ही! कायद्याने दोन्ही करता येतं, त्यात काही अडचण नाही, पण आता कोणी विचारलं तर मी एकाच बाजूला, दिवाणीकडे, बोट दाखवेन. नोटीस पाठवून झालीये आणि समोरचा बधत नाहीये असं धरून लिहितोय. मी वकील नाही, अकाउंट्सची कामं करतो, तेव्हा कलमांची शेवटची खात्री तुमच्या वकिलाकडूनच करून घ्या.

माझं प्रकरण थोडक्यात. सोसायटीचा खजिनदार होतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर ओल आली. त्यावरून एका सभासदाने ग्रुपवर टाकलं की कंत्राटदाराकडून याने किती खाल्ले ते विचारा, आणि खाली माझ्या नव्या स्कूटरचा फोटो. स्कूटर हप्त्यावर होती हो! पण बिल्डिंगमधल्याच दोन दुकानदारांनी त्या महिन्यात माझ्याकडच्या फायली परत नेल्या, कारण विचारलं तर सीए बदलतोय म्हणाले.

आधी पोलीस स्टेशनला गेलो. तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली आणि कोर्टात जा म्हणाले, ते चुकीचं नव्हतं, बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर होत नाही, मॅजिस्ट्रेटपुढे खासगी फिर्याद आपल्यालाच करावी लागते. अनेकांना वाटतं की फौजदारी केलं म्हणजे सरकारी वकील लढेल, तसं नाही, वकील आपला आणि फीपण आपलीच.

तरी फौजदारीची ओढ का असते ते मला कळतं. एक तर स्वस्त पडतं, नुकसानभरपाईच्या आकड्यावर कोर्ट फी भरायची नसते. दुसरं म्हणजे समोरच्याच्या नावापुढे आरोपी लागतं आणि समन्स घेऊन पोलीस त्याच्या दारात येतो, खरं सांगायचं तर मला ते दृश्य बघायचंच होतं. शिक्षा जुन्या दंड संहितेच्या कलम ५०० मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही अशी होती, १ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये गेलं आणि त्यात समाजसेवेचीही शिक्षा आली. आपल्यासारख्यांच्या भांडणात कोणी खरोखर आत जाईल या आशेवर मात्र राहू नका, निदान मी कोर्टाच्या पॅसेजमध्ये जेवढ्या लोकांना भेटलो त्यात तसा एकही नव्हता.

आता माझं डोकं फिरलं ती गोष्ट. फौजदारीत फिर्यादी म्हणून, मॅजिस्ट्रेटने माफी दिली नसेल तर, प्रत्येक तारखेला तुम्ही स्वतः हजर पाहिजे. नुसता वकील आहे म्हणून भागेलच असं नाही. सकाळी अकराला बोर्डावर नंबर बघायचा, एकोणचाळीसावा असला तरी बाहेर चहाला जायचं नाही कारण मधले वीस मॅटर मुदत मागून पाच मिनिटांत उडतात, शिपायाने पुकारा केला आणि तुम्ही जिन्यात असलात तर संपलं. आणि आत गेलं की साहेब रजेवर, किंवा आरोपीच्या वकिलाचा अर्ज, किंवा पुढची तारीख. आरोपी गैरहजेरी माफीचा अर्ज टाकून सुटायचा आणि ज्याची बदनामी झाली तो मी मात्र दर तारखेला बाकावर! मी डायरीत लिहिलेल्या चौदा तारखांपैकी माझं काही काम झालं अशा तीन.

पंधराव्या तारखेला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. माझा माफीचा अर्ज वकिलांच्या ज्युनियरकडे दिला होता, तो दुसऱ्या कोर्टात अडकला, पुकारा झाला आणि आमच्या बाजूने कोणीच नाही. दुपारी रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाची नोंद, बघितला तर फिर्यादी गैरहजर, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५६ खाली आरोपी निर्दोष मुक्त. पुरावा नाही, उलटतपास नाही, काही नाही. संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर मेसेज, ‘सत्याचा विजय, कोर्टाने मला निर्दोष सोडले’, खाली हात जोडलेले. म्हणजे जी बदनामी पुसायला गेलो ती आता कोर्टाच्या शिक्क्यासकट परत आली. त्याविरुद्ध वर जाता येत होतं पण माझ्यात तेवढा दम उरला नव्हता.

न्यायाने सांगायला हवं की माझी केस जुन्या कायद्याखालची होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम २७९, फिर्यादीला हजर व्हायला तीस दिवसांचा वेळ द्यायची तरतूद आलीये, म्हणजे एका चुकलेल्या पुकाऱ्यावर असं व्हायला नको. पण त्याच कायद्याने दुसरीकडे एक पायरी वाढवली, मॅजिस्ट्रेटने दखल घेण्याआधीच आता आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे समन्स निघायच्या आधीच काही तारखा गेल्या. हेलपाटे आहेत ते आहेतच.

दिवाणी दावा तोपर्यंत लागलेला होता, आणि तो लागला तो नशिबाने. दिवाणी बदनामीच्या दाव्याला मुदत फक्त एक वर्षाची आहे, फौजदारीला तीन वर्षं. मी आपला आधी क्रिमिनलचं काय होतं बघू, मग सिव्हिल टाकू अशा विचारात होतो, अकराव्या महिन्यात वकिलांनीच फोन करून विचारलं की तुमचा मेसेज नक्की कुठल्या तारखेचा? दहा दिवसांत धावपळ करून दावा दाखल केला. हे क्रमाचं गणित बरेच जण चुकवतात असं ते म्हणाले.

दिवाणीत खर्च आहे, नाकारत नाही. कोर्ट फी मागितलेल्या रकमेप्रमाणे वाढते. मी आधी पंचवीस लाख म्हणत होतो, पुण्याच्या कोर्टाने २०११ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंतांना १०० कोटी देण्याचा हुकूम दिला होता ना, एका चॅनेलने भलत्याच बातमीत त्यांचा फोटो दाखवला म्हणून, त्याचा दाखला मी ऐटीत दिला. वकील हसले आणि म्हणाले, ते सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होते आणि तुमच्या दोन फायली गेल्यात. शेवटी दोन लाख मागितले आणि भर मनाई हुकमावर दिला. सेक्रेटरी ग्रुपचा ॲडमिन होता, मला त्यालाही प्रतिवादी करायचं होतं, ते पण त्यांनी काढून टाकलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सभासदाने टाकलेल्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार होत नाही.

पण हजेरीचं सांगतो. दोन वर्षांत मी दिवाणी कोर्टात किती वेळा गेलो? चार. वकीलपत्र दिलं की तारखा वकील सांभाळतो, सरतपास, म्हणजे आपली स्वतःची साक्ष, शपथपत्रावर होतो, तुमची गरज उलटतपासाला. बाकीच्या तारखांना मी कामावर होतो आणि संध्याकाळी मेसेज यायचा, प्रतिवादीने म्हणणं दिलं नाही, पुढची तारीख अमुक. दिरंगाई तिथेही तेवढीच, फक्त ती आपल्या अंगावर येत नाही.

आणि ‘सत्याचा विजय’वाला मेसेज इथे कामाला आला. आम्ही तो तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला जोडला, हा माणूस थांबत नाहीये हे दाखवायला याहून काय पाहिजे? दाव्याचा निकाल लागेपर्यंत माझ्याबद्दल हिशोबावरून काही लिहायचं नाही असा हुकूम झाला. सगळ्यांना असा हुकूम मिळेलच असं नाही, विशेषतः समोर पेपर किंवा चॅनेल असेल तर कोर्ट फार जपून देतं, सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये तसं बजावलंही आहे. पण मिळाला तर तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. हे कळल्यावर गडी एकदम शांत.

पुरावा दोन्हीकडे सारखाच लागतो. स्क्रीनशॉटची प्रिंट नुसती चालत नाही, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, नव्या साक्ष कायद्यात त्याचे दोन भाग झालेत आणि एक तज्ज्ञाने भरायचाय. मी मधे फोन एक्स्चेंजला द्यायला निघालो होतो, वकील अक्षरशः ओरडले. तो फोन अजून कपाटात आहे.

एक मात्र दोन्हीकडे लक्षात ठेवा, समोरच्याचं म्हणणं खरं निघण्याची जरा जरी शक्यता असेल तर घरी बसा. तेव्हाचे केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणींवर २०१८ मध्ये फौजदारी केली, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या, आणि तोवर मूळ आरोपाची चर्चा कितीतरी पटीने वाढलेली होती.

माझं शेवटी मध्यस्थीत मिटलं. पैसे सोडले, माफी घेतली. मोठ्यांचंही तेच, जेटलींनी केजरीवालांवर दोन्ही मार्गांनी केस टाकली होती आणि २०१८ मध्ये लेखी माफीवरच संपली. आमची मारामारी मात्र माफीच्या शब्दांवर, त्याला ‘गैरसमजातून’ हवं होतं, मला ‘हिशोब तपासला, रक्कम बरोबर आहे’ हवं होतं. दोन्ही घातलं. ज्या ग्रुपवर आरोप केला त्याच ग्रुपवर माफी टाकायची हे तडजोडीत आधीच लिहून घ्या, नाहीतर कागद फायलीत राहतो आणि बिल्डिंगला पत्ता नसतो.

फौजदारी कुणी करूच नये असं नाही म्हणत मी. समोरच्याकडे जप्त करण्यासारखं काही नसेल, किंवा त्याला पोलिसाशिवाय कशाचंच भय नसेल, तर तीच बरी असावी. आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दुसरा रस्ताच नाही. मागच्या महिन्यात माझा एक क्लायंट असाच आला, पोस्टला तेरा महिने झालेले. त्याला मी फौजदारीच सांगितली, फक्त तारखांसाठी वेगळी डायरी कर आणि माफीचा अर्ज कधीही ज्युनियरच्या हातात देऊ नकोस म्हटलं.