चार वर्षांच्या नातीसोबत परसबागेचा तयार संच: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही परसबागेचा एक तयार संच ऑनलाइन मागवला. त्याच्या खोक्यावर ‘मुलांसाठी’ असे ठळक छापलेले होते. आत जाड विणीच्या प्लास्टिकच्या १२ इंच उंच आणि तेवढ्याच रुंद पिशव्या, कोकोपीटच्या म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या दाबलेल्या विटा, गांडूळखत, निमतेलाची बाटली, भाज्यांच्या बियाण्यांची पाकिटे, एक छोटी झारी आणि रंगीत प्लास्टिकची खुरपी-फावडी असे सामान होते. कोल्हापुरातील आमच्या घरामागच्या परसात चार वर्षांच्या नातीला बरोबर घेऊन दोन हंगाम हा संच वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की पिशव्या आणि झारी उत्तम आहेत, बियाणे लहान मुलांच्या हाती देण्याजोगे नाही, आणि ज्या अवजारांमुळे हा संच मुलांसाठीचा म्हणवतो तीच त्यात सर्वांत टाकाऊ आहेत.

बियाण्याविषयी आधी सांगते, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. भेंडीचे आणि वाटाण्याचे बी पाकिटातून बाहेर आले ते गुलाबी रंगाचे. असा रंग बियाण्यावर बुरशीनाशकाची प्रक्रिया केल्याची खूण असतो. थायरम किंवा कॅप्टनसारखी औषधे त्यासाठी वापरतात आणि असे बी खाण्यास वापरू नये अशी सूचना पाकिटामागे बारीक अक्षरांत असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही प्रक्रिया योग्यच आहे, परंतु गोळीसारखे दिसणारे गुलाबी बी चार वर्षांचे मूल तोंडात घालणार नाही याची हमी कोण देणार? ती पाकिटे मी वरच्या फळीवर ठेवली आणि हातमोजे घालून स्वतःच पेरली. नातीच्या वाट्याला स्वयंपाकघरातील मेथीदाणे, मोहरी आणि धणे आले, आणि त्यात काहीच उणे पडले नाही. धणे पेरण्यापूर्वी चपलेखाली हलके रगडून दुभंगावे लागतात; हे काम तिला इतके आवडले, की धण्यांचा डबा आता लपवून ठेवावा लागतो.

कोणते पीक निवडायचे याबाबत संचातील माहितीपत्रक टोमॅटोवर भर देते. माझा अनुभव वेगळा आहे. लहान मुलांसाठी पिकाची चव किंवा रंग यांपेक्षा त्याचा वेग महत्त्वाचा असतो. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याभरात भाजीला होते. मुळाही लवकर उगवतो आणि दीड महिन्यात उपटता येतो, शिवाय उपटण्यात जी गंमत आहे ती तोडण्यात नाही. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून अधिक घेते, आणि तेवढ्या काळात माती उकरून ‘आलं का’ हे पाहिले जाते. म्हणून आम्ही कोथिंबिरीच्या पिशवीतच कडेने मेथी पेरू लागलो.

आता पावसाविषयी. जुलैमध्ये कोल्हापुरात पाऊस लागला की उसंत देत नाही, आणि माहितीपत्रकात सांगितलेले निम्मे कोकोपीटचे मिश्रण अशा हवेत चिखल होऊन बसते. कोकोपीट पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तो गुण असतो, येथे मात्र मेथीची मुळे कुजली. नंतर परसातली माती निम्म्याहून अधिक, थोडी वाळू आणि उरलेले खत असे मिश्रण केले, पिशव्यांना तळाशी आणखी भोके पाडली आणि त्या विटांवर ठेवल्या. विटांमुळे पिशवीची उंचीही वाढली आणि नातीला उभ्याने मधोमध हात पोचू लागला. पिशव्यांखाली ठेवण्यासाठी दिलेल्या ताटल्या मात्र मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकल्या. त्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे पूर्ण डास होतात. मूल जेथे रोज खेळते तेथे ही सोय कशाला हवी?

पावसाळ्यात गोगलगायींनी कोवळी रोपे साफ केली. बाजारात त्यांच्यासाठी विषारी गोळ्या मिळतात, पण मूल आणि शेजारचे मांजर दोघेही परसात फिरत असताना मी त्या आणल्या नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट रात्री अंथरले की सकाळी त्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या सापडतात. हातमोजे घालून त्या बादलीत टाकण्याचे काम नातीने उत्साहाने केले. पुढे बादलीचे काय होते हे मी तिला सांगितलेले नाही.

भेंडी पावसाळ्यात उत्तम आली. फूल पडल्यावर पाच-सहा दिवसांत ती तोडली नाही तर जून होते, त्यामुळे एक दिवसाआड परसात जावेच लागते. पानांवरील आणि फळांवरील बारीक लवेने लहान मुलांच्या हातांना खाज सुटते, तेव्हा तोडणीच्या वेळी लांब बाह्यांचा सदरा घालावा. मिरचीचे रोप मात्र मी कुंपणापलीकडे नेले, कारण मुलांचा हात मिरचीवरून थेट डोळ्याकडे जातो.

सर्वांत आनंदाचा भाग ठरला दुधी, आणि तो संचात नव्हताच; बी शेजारणीने दिले. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा दुधी असतो, नर फुलाला नसतो. फुले गळत असतील तर नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हळूच टेकवावेत. जेवणापूर्वी हा कार्यक्रम रोज होई, आणि कोणत्या फुलाला ‘बाळ’ आहे हे नात माझ्याआधी ओळखे. तिने दुधीची भाजी खाल्ली का, असे सगळे विचारतात. खाल्ली नाही. वाटाणे मात्र वेलावरूनच सोलून इतके खाल्ले, की स्वयंपाकघरात एकही शेंग पोचली नाही.

प्लास्टिकची खुरपी पहिल्या पावसाआधीच मुठीशी मोडली. लोहाराकडून आखूड दांड्याचे, बोथट टोकाचे लोखंडी खुरपे करून घेतले; ते मोडत नाही आणि आजीच्या खुरप्यासारखेच असल्यामुळे अधिक प्रिय आहे. झारी अर्ध्या लिटरची असल्याने भरलेलीही नातीला पेलते, आणि झारीचे तोंड बारीक छिद्रांचे असल्याने रोपे आडवी होत नाहीत. निमतेल साबणाच्या पाण्यात मिसळून मावा ही पानांतील रस शोषणारी कीड आटोक्यात ठेवता आली, पण वास उग्र असल्यामुळे फवारणी मूल झोपल्यावरच करावी.

संचाची किंमत दीड हजार रुपयांच्या घरात होती. तेवढ्या रकमेची भाजी आम्ही काढली नाही, तेव्हा बचतीच्या हिशेबाने कोणी हा घेऊ नये. पिशव्यांची शिवण अजून शाबूत आहे. पुढील जूनमध्ये संपूर्ण संच न घेता रोपवाटिकेतून सुट्या पिशव्याच आणणार आहे: मेथी-पालकासाठी ९ इंची पुरतात, वांगी-टोमॅटोला १२ इंचांखाली जाऊ नये.