कासवाला काचेची टाकी की लाकडी पेटी?

भाचा अडून बसलाय: सुलकाटा या आफ्रिकी कासवाच्या पिल्लाला टाकी घ्यावी की पेटी? (नोंदणी झालेलं आहे हो, आपलं तारा कासव पाळणं तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच.) दुकानदाराचं ‘फुल सेटअप’ पुराण सोडून देऊ.

आधी उष्णता. नागपूरचा मे ४५ अंशांना टेकतो. टाकीत हवा कोंडते, त्यात वर ऊब देणारा दिवा. खिडकीतलं ऊन पडलं की कासव भाजून निघतं. उघड्या पेटीत हवा खेळते, फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको.

काच कासवाला कळतच नाही. भाच्याच्या उसन्या टाकीत ते दिवसभर एकाच कोपऱ्यात नाक घासायचं, काचेवर ओला पट्टा उमटायचा. चढताना उलटलं आणि दिव्याखाली तसंच राहिलं तर जिवावर बेततं. भिंत त्याच्या लांबीच्या दुप्पट तरी उंच हवी, पेटी असो वा टाकी.

खर्चात पेटी स्वस्त. लकडगंजच्या लाकूडबाजारातून प्लाय कापून आणा. ओलीनं फुगतं, म्हणून तळाला जाड प्लास्टिक. टाकी धुवायला सोपी, उचलताना मात्र कंबर जाते.

अगदी लहान पिल्लाला ओलावा लागतो. तोवर तीन बाजूंना कागद लावलेली टाकी चालेल. तळहाताएवढं झालं की पेटीच, आणि घरात मांजर असेल तर वर जाळी. मोठेपणी सुलकाटा ४० किलोंच्याही वर जाऊ शकतं, तेव्हा अंगणच लागेल.