ब्रेक धरतोय? कारण दाखवल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका

जुनी फियाट बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. गेलेल्या पैशांचा राग आहेच, पण विषय ब्रेकचा आहे.

वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून रस्त्यावर आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला आतून घासून थांबवणारे. मध्यंतरी पुढचं उजवं चाक धरायला लागलं. ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मोकळी पळेना, उजवीकडे ओढायची, आणि तो ड्रम हात लावता येऊ नये इतका तापायचा. पुण्यात जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या एका गॅरेजमध्ये दिली.

मालकाने चाक जॅकवर घेतलंच नाही. बॉनेट उघडून म्हणाला, "साहेब, सगळी सिस्टिमच गेलीय. मास्टर सिलिंडर, चारी व्हील सिलिंडर, लायनर, सगळं नवीन टाकावं लागेल. माल मिळत नाही आता, पण तुमच्यासाठी आणतो कुठून तरी." (मास्टर सिलिंडर पेडलच्या जोराने ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलतो; व्हील सिलिंडर त्या ऑईलच्या जोरावर लायनर, म्हणजे घासणारं अस्तर, ड्रमवर दाबतो.) झाले १८,५०० रुपये. बिल म्हणजे साध्या कागदावरची चिठ्ठी. ना पार्ट नंबर, ना जीएसटी. जुने पार्ट मागितले, तर भंगारवाला घेऊन गेला म्हणे.

गाडी देताना त्याने तेच चाक उचलून हाताने गरगर फिरवून दाखवलं. खरी मेख इथेच आहे. ब्रेक ऑईलमधली हवा काढायला चाकामागचं निपल (छोटा पोकळ स्क्रू) उघडलं की आत कोंडलेलं प्रेशर निघून जातं आणि बिघाड तसाच असला तरी चाक मोकळं होतं. पुन्हा जोरात ब्रेक मारले की पुन्हा धरतं. आमचं धरलं ते खंबाटकीच्या उतारावर. मागे आई बसलेली, गाडीभर लायनर जळाल्याचा वास. कशीबशी कडेला घेतली.

साताऱ्यात एक वयस्कर मिस्त्री भेटले. उमेदीची वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सींवर काढलेली. (त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाल्या; असे हात आता शोधावे लागतात.) त्यांनी मला शेजारी उभं केलं. गाडी स्टँडवर, मागच्या चाकांना ठोकळे. ब्रेक दाबून सोडायला लावला, चाक हलेना. आधी लोखंडी पाईप रबरी होजला (चाकाकडे ऑईल नेणारी लवचिक नळी) जिथे जोडतो तो नट सैल केला. मास्टर सिलिंडर प्रेशर सोडत नसता, तर चाक इथेच सुटलं असतं. नाही सुटलं. मग चाकामागचं निपल उघडलं. ब्रेक ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे अडथळा मधल्या होजमध्येच. निपल उघडूनही चाक सुटलं नसतं, तर गंजलेला पिस्टन किंवा ढिली स्प्रिंग बघावी लागली असती. मागचं चाक असेल तर हँडब्रेकची केबलही. आणि चारही चाकं एकदम धरत असतील, तर आधी पेडलला थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आहे का ते पाहायचं.

होज बाहेरून चकचकीत होता. मिस्त्रींनी ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून त्याची एक पापडी सुटली होती. पायाच्या जोराने ऑईल पुढे जायचं, परत येताना ती पापडी वाट अडवायची. नवा होज काही शे रुपयांत आला.

मग ड्रम काढला. "नवीन" व्हील सिलिंडरवर चंदेरी रंग फासलेला. नखाने खरवडला तर खाली जुना गंज, आणि टोकाच्या रबरी टोपीला भेगा. म्हणजे पार्ट बदललेच नव्हते. हवा काढताना चाक सुटलं ते त्या गॅरेजवाल्याला दिसलं असणारच, तरी होजला हात न लावता त्याने गाडी घाटात जाऊ दिली. याला मी नुसती फसवणूक म्हणणार नाही.

रंगवलेल्या सिलिंडरचे आणि चिरलेल्या होजचे फोटो, ती चिठ्ठी आणि यूपीआयची पावती जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. गॅरेजवाला आता गाडी कधी आलीच नव्हती म्हणतोय. तुमच्या गाडीचं असं काम चालू असेल, तर जुने पार्ट आजच ताब्यात घ्या आणि नव्यांचे फोटो ड्रम बसवण्याआधी काढा.