सबवूफर झोपतो आणि ड्रॉप हातचा जातो: उन्हाळा ते दिवाळी वापरून झाल्यावर

आठ इंची पॉवर्ड सबवूफर आहे, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा, आतच ॲम्प असलेला स्पीकर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही खोड अनेक कंपन्यांच्या मालात आहे. वॅट, क्रॉसओव्हर वगैरे खोक्यावर छापलेलं असतंच. मला बोलायचंय ते ऑटो-स्टँडबायबद्दल, म्हणजे गाणं थांबलं असं वाटलं की सब आपोआप झोपतो त्या सोयीबद्दल, कारण त्याच्याबद्दल कोणी धड लिहीत नाही.

मी ड्रम अँड बेस ऐकतो, म्हणजे वेगवान ड्रम्स आणि खोल बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि ऐकतो रात्रीच. धुळ्यात मे महिन्यात दिवसा पत्र्याखाली बसून संगीत ऐकणं शक्यच नाही, आणि रात्री घरचे झोपलेले, म्हणून आवाज कमी. हा सब तारेतून येणारा सिग्नल बघत असतो. सिग्नल बारीक झाला की काही मिनिटांत त्याला वाटतं, गाणं संपलं. मग तो झोपतो. गोल्डीचं 'टाइमलेस' घ्या, १९९५ चं, एकवीस मिनिटांचं. हळू आवाजात लावलं की निम्म्यातच मागचा हिरवा दिवा लाल होतो. पुढे बेस उसळला (यालाच ड्रॉप म्हणतात) की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टक्‌ करून वाजतो आणि सेकंदभराने सब जागा होतो. मिनिटाला १७४ ठोक्यांच्या वेगात एक बार, म्हणजे चार ठोके, जेमतेम १.४ सेकंदाचा असतो. म्हणजे ज्या बारसाठी इतका वेळ वाट बघितली, तोच गेला. एवढे पैसे मोजून हे का सहन करायचं?

आवाजाबद्दल मात्र तक्रार नाही, उलट मी भारावून गेलोय. फोनच्या स्पीकरवर दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही, आणि या संगीताचा अर्धा जीव ४० ते ६० हर्ट्झमध्ये आहे. रे कीथने रेनेगेड या नावाने काढलेलं 'टेररिस्ट' (१९९४) मी कितीतरी वर्षं फोनवर ऐकत आलो. त्यातला रीस बेस मुळात डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसनचा, १९८८ चा. दोन सूर एकमेकांपासून किंचित सरकवलेले असतात, म्हणून तो रवीने ताक घुसळावं तसा आतल्या आत फिरत राहतो. सबवर पहिल्यांदा लावला तेव्हा मांडणीवरचा एक पितळी डबा झणझणायला लागला, तोही नेमका एकाच सुराला, बाकीच्या सुरांना गप्प. शेजारच्या आजी दारात येऊन म्हणाल्या, "भो, भित हाली ऱ्हायनी ना!" डब्याखाली फडकं घातलं, सब भिंतीपासून हातभर पुढे ओढला. आजींची झोपायची वेळ झाली की आता मीच आवाज कमी करतो.

ड्रम्सचं काय, ते फोनवरही कळतात. द विन्स्टन्सच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मधले ग्रेगरी कोलमनचे चार बार, सहा-सात सेकंदांचे. जंगल, म्हणजे ड्रम अँड बेसचा आधीचा अवतार, करणाऱ्यांनी ते सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) घालून तुकडे तुकडे केले आणि त्यावर अख्खा प्रकार उभा राहिला. कोलमनला त्यातून काहीच मिळालं नाही, २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत गेला. हे मला अजूनही टोचतं. पण जंगल म्हणजे नुसता आमेन नव्हे. वर ड्रम्स १६० च्या वेगाने पळतात आणि खाली रेगेचा बेस निम्म्या चालीने चालतो. ती खालची चाल मला इतक्या वर्षांत या सबनेच दाखवली.

आमचं धुळे-अमळनेर-जळगाव असं छोटं टोळकं आहे, आवडते ट्रॅक एकमेकांना पाठवतो. अमळनेरचा दोस्त रॉनी साइझचा भक्त. 'ब्राउन पेपर बॅग'मधला डबल बास ऐकून तो म्हणतो, याच्यापुढे कोणी गेलंच नाही. त्या 'न्यू फॉर्म्स' अल्बमला १९९७ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं होतं, तेव्हा त्याचं म्हणणं उगीच नाही. त्याच वर्षी तलविन सिंगचा 'अनोखा' हा संग्रह आला. या वेगात तबला किती सहज बसतो ते त्यात ऐका. जळगाववाला नॉयझिया या नव्या दमाच्या डच त्रिकुटाच्या बाजूचा. मलाही वाटायचं की नवं ते जास्त दणदणीत, म्हणून सबवर तेच शोभेल. प्रत्यक्षात उलटं निघालं. 'स्प्लिट द ॲटम' (२०१०) मध्ये बेसची सगळी गुरगुर मधल्या पट्टीत चालते, सब बंद केला तरी गाणं उभं राहतं. १९९४-९५ च्या ट्रॅकमधून सब काढा, गाणंच लंगडं होतं. माझं मन जुन्याकडे वळलं ते इथे. हाय कॉन्ट्रास्टचं 'ट्रू कलर्स' (२००२) या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे आणि पहाटे ऐकायला फार गोड आहे.

पावसाळ्यात झोपेवर एक तोडगा सापडला. फोनचा आवाज पूर्ण ठेवायचा आणि कमी करायचा तो ॲम्पवर आणि सबच्या बटणावर. तारेतला सिग्नल तगडा राहतो, सब जागा राहतो. तेव्हा वाटलं होतं, सगळं माफ.

नवरात्राच्या सुमारास सब कायमचाच झोपला. दिवाच लागेना. सर्व्हिस सेंटरने आधी नाशिकला पाठवा म्हणून सांगितलं. पाठवल्यावर उत्तर आलं: व्होल्टेजने गेलाय, वॉरंटीत बसत नाही, अख्खी ॲम्प प्लेट बदलावी लागेल. खर्च सबच्या निम्म्या किमतीचा! स्टॅबिलायझरचं बिल दाखवलं, तरी ऐकून घेतलं नाही. माल परत मागवला, भाडं माझ्याच खिशातून.

शेवटी लग्नाच्या बँडचे ॲम्प दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी प्लेट उघडून बोट ठेवलं: दोन कपॅसिटर, डोकी फुगलेली, शेजारीच तापणारा रेझिस्टर. म्हणाले, "हा भाग कधी बंदच होत नाही भाऊ. सब झोपला तरी याला जागं राहावं लागतं." कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश उष्णतेला साधारण निम्मं होतं. त्यात आमचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा. म्हणजे ज्या सर्किटने माझे ड्रॉप खाल्ले, तेच आधी जळालं. मिस्त्रींनी १०५ अंशांपर्यंत टिकणारे कपॅसिटर टाकले, माझ्या सांगण्यावरून स्टँडबायचा रिले बायपास केला आणि घेतले साडेतीनशे रुपये. आता बोर्डाच्या बटणाने चालू, बोर्डाच्या बटणाने बंद.

आवाजासाठी हा सब मी पुन्हा घेईन. तुम्ही घेणार असाल तर दुकानात आधी सबची मागची बाजू बघा. 'ऑन' आणि 'ऑटो' अशी दोन वेगळी ठिकाणं असलेलं बटण हवं. नुसतं 'ऑटो' असेल तर एलटीजे बुकेमचं 'होरायझन्स' अगदी हळू आवाजात लावून तिथेच पाच-सात मिनिटं थांबा. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पण दिवा लाल झाला तर पैसे देऊ नका.